एका मोकळ्या जागेत हरवलेला मंगरूळ तालुका

१/ मागच्या पावसाळ्यात, माझ्या संगणकाच्या पडद्यावर, ८२,६४३ माणसे नाहीशी झाली. ही माणसे १९०१ साली मंगरूळ तालुक्यात राहत होती आणि त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांची रीतसर नोंद झाली होती. त्यांना पुसून टाकणारी गोष्ट होती दोन शब्दांमधली एक मोकळी जागा. आजचा धागा त्या मोकळ्या जागेच्या इतिहासाविषयी आहे.

२/ विषय तांत्रिक वाटेल, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो आज ना उद्या गाठतोच. जुने तक्ते आपण साध्या मजकूर-फाइलमध्ये उतरवतो आणि रकाने सरळ दिसावेत म्हणून स्पेस देत जातो. पुढे गणित करायचे, तर त्या स्पेसच्या जागी टॅब आणावे लागतात. हे काम कमांड लाइनवर एका ओळीत होते. त्या एका ओळीत काय काय दडलेले असते, ते पाहू.

३/ प्रथम पार्श्वभूमी. १८५३च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. या वऱ्हाडात तेव्हा वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासिम’ असे आढळते. त्याचे तालुके तीन : बासिम, मंगरूळ आणि पुसद.

४/ ऑगस्ट १९०५मध्ये हा जिल्हा मोडण्यात आला. बासिम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, तर पुसद पुढे यवतमाळ या नावाने ओळखल्या गेलेल्या जिल्ह्याकडे. वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधल्या त्र्याण्णव वर्षांमुळे आमच्या जिल्ह्याची जुनी आकडेवारी अनेक ठिकाणी विखुरली आहे. ती गोळा करून एका तक्त्यात आणणे, हे वाशिमच्या इतिहासावर काम करणाऱ्याचे पहिले काम असते.

५/ १९०१च्या जनगणनेचे तालुकावार आकडे असे : बासिम १,५३,३२०, मंगरूळ ८२,६४३, पुसद १,१७,४४७. एकूण जिल्हा ३,५३,४१०. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे १८९१ साली, हीच लोकसंख्या ३,९८,१८१ होती. दशकभरात सुमारे ११ टक्के घट झाली. १८९६–९७च्या टंचाईची झळ या भागाला तुलनेने कमी लागली. १८९९–१९००मध्ये मात्र पावसाने पाठ फिरवली आणि लोकांचे अतोनात हाल झाले. त्या ११ टक्क्यांमागे हा दुष्काळ उभा आहे.

६/ हे आकडे मी हाताने टंकित केले. इंग्रजी तक्त्यात नुसते ‘मंगरूळ’ होते. मी आजच्या सवयीने ‘मंगरूळ पीर’ असे लिहिले. नाव आणि आकडा यांच्यामध्ये डोळ्यांना रकाना सरळ दिसेल इतक्या स्पेस दिल्या. मग कुठेतरी वाचलेली एक आज्ञा चालवली : सलग आलेल्या सर्व स्पेस एकत्र करा आणि त्यांच्या जागी एक टॅब ठेवा. फाइल क्षणात तयार झाली. पडद्यावर सारे नीटनेटके दिसत होते.

७/ दुसऱ्या रकान्याची बेरीज केली, तेव्हा उत्तर आले २,७०,७६७. त्यावरून १८९१शी तुलना केली, तर घट ३२ टक्के! म्हणजे दुष्काळाने जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस नेला, असा निष्कर्ष. मी तो टिपणवहीत उतरवलाही होता. आज आठवले की संकोच वाटतो. कारण आकडा जितका भयंकर, तितका तो मला ‘महत्त्वाचा शोध’ वाटला होता.

८/ झाले होते ते एवढेच. ‘मंगरूळ’ आणि ‘पीर’ यांच्यामधली स्पेससुद्धा टॅब झाली होती. त्यामुळे त्या ओळीत दोनऐवजी तीन रकाने झाले. पहिल्यात ‘मंगरूळ’, दुसऱ्यात ‘पीर’, आणि ८२,६४३ हा आकडा तिसऱ्या रकान्यात ढकलला गेला. बेरीज करणाऱ्या आज्ञेला दुसऱ्या रकान्यात अंक मिळाला नाही, म्हणून तिने शून्य धरले. कोणतीही तक्रार न करता एक तालुका गळला. ‘कारंजा लाड’ किंवा ‘शिरपूर जैन’ तक्त्यात असते, तरी हेच घडले असते.

९/ आता मूळ प्रश्न. शब्दाच्या आतली मोकळी जागा, दोन शब्दांमधली मोकळी जागा आणि दोन रकान्यांमधली मोकळी जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला न सांगता कळते. यंत्राला कळत नाही. आणि गंमत अशी, की हे सारे वाचकाच्या समजुतीवर सोडणारी लेखनपद्धती आपल्याकडे शतकानुशतके प्रचलित होती. तिचा एक जुना पुरावा वाशिममध्येच सापडला आहे.

१०/ वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९मध्ये वाशिम येथे उजेडात आला. राज्यवर्ष ३७ मध्ये दिलेले हे दानपत्र काही भागात संस्कृत आणि बहुतांशी प्राकृत आहे. त्या काळच्या इतर ताम्रपटांप्रमाणे त्यातही अक्षरे सलग कोरलेली आहेत. शब्द कोठे संपतो, हे दाखवणारी मोकळी जागा आजच्यासारखी ठेवलेली नाही.

११/ असा लेख छापायचा, तर संपादकाला प्रत्येक शब्द तोडावा लागतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो मोठा संग्रह सिद्ध केला, तो १९६३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील छापील पाठात दिसणारी प्रत्येक शब्दफोड ही व्याकरण, प्रघात आणि संदर्भ पाहून घेतलेला निर्णय आहे. कोरक्याने न ठेवलेली जागा अभ्यासकाने ठेवली आहे. निर्णय चुकला, तर गावाचे नाव बदलू शकते, दान घेणाऱ्याचे गोत्र बदलू शकते.

१२/ हीच गोष्ट मोडीची. परंपरा जिचे श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते, त्या या लिपीत लेखक आधी पानभर शिरोरेषा आखून घेई आणि मग बोरूने सलग अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. समजा, ‘तीनदीपलीकडेगेली’ अशी अक्षरे समोर आली. डोळा प्रथम ‘तीन दीप’वर थांबतो, पुढे अडखळतो, मागे येतो आणि मग ‘ती नदीपलीकडे गेली’ असे वाचतो. मोडी शिकलेल्या प्रत्येकाने हे मागे येणे अनुभवलेले आहे.

१३/ ही केवळ आपली रीत नव्हती. प्राचीन रोममधील लॅटिन हस्तलिखितेही बहुधा सलग अक्षरांत लिहिली जात. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडमधील भिक्षूंनी शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत रूढ करायला सुरुवात केली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. परकी भाषा वाचताना शब्द सुटे असणे त्यांना सोयीचे होते. पुढे काही शतकांत ही रीत युरोपभर पसरली. मोकळी जागा हे वाचकासाठी केलेले साहाय्य होते, हे यातून ध्यानात येते.

१४/ मराठीत ही रीत स्थिरावली ती छपाईसोबत. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५मध्ये श्रीरामपूरहून प्रसिद्ध झाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पंचांग म्हणजे मुळात एक तक्ताच : तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. त्यात रकाना एक घर सरकला, तर मुहूर्त चुकतो. तेव्हा तक्त्यात जागेलाही अर्थ असतो, हे त्या काळच्या छापखान्यांना चांगले ठाऊक होते.

१५/ मग आला सरकारी तक्त्यांचा काळ. १८७०मध्ये ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडाचे गॅझेटियर निघाले, त्यानंतर दर दहा वर्षांच्या जनगणना, पीकपाण्याचे आणि महसुलाचे अहवाल. छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार रकान्यांमध्ये कोऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या आणि उभ्या रेषा बसवी. कागदावर कोरी दिसणारी जागा त्याच्या हातात शिशाचा एक तुकडा म्हणून असे. एका शब्दानंतरचा तुकडा आणि रकान्यानंतरचा तुकडा यांतला फरक त्याला बोटांनी कळे.

१६/ कार्यालयांतील टंकलेखन यंत्राने हेच काम एका कळीकडे दिले. टंकलेखक आधी रकान्यांच्या जागी थांबे लावून घेई. मग टॅब्युलेटरची कळ दाबली, की कागदासह गाडा थेट पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राही. ‘टॅब’ हा शब्द याच टॅब्युलेटरचे लघुरूप. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फळी किंवा पाटी. स्पेसची पट्टी गाडा एक घर सरकवते, टॅब त्याला ठरलेल्या जागी नेतो. फरक येथेच सुरू होतो.

१७/ गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे तालुक्याच्या गावांतही टायपिंगच्या संस्था उघडल्या. ज्यांच्या घरी मोठ्या भावंडांनी सरकारी टायपिंगची परीक्षा दिली आहे, त्यांना ‘स्पीड’, ‘लेटर’ आणि ‘स्टेटमेंट’ हे प्रश्न ठाऊक असतील. स्टेटमेंट म्हणजे तक्ता. आधी रकाने मोजायचे, मग थांबे लावायचे, मग टंकलेखन. तक्ता हे वेगळे कौशल्य आहे, हे त्या प्रश्नपत्रिकेने मान्य केले होते.

१८/ १९६३मध्ये, म्हणजे मिराशींचा संग्रह आला त्याच वर्षी, अमेरिकेत ‘आस्की’ हा अक्षरसंकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. स्पेसचा क्रमांक ३२, आडव्या टॅबचा क्रमांक ९. पडद्यावर दोन्ही कोरेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती ‘क’ आणि ‘ख’ इतकी वेगळी अक्षरे आहेत. आपली सारी अडचण यातूनच येते : डोळ्याला एक दिसते, यंत्राला दुसरे.

१९/ १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने साध्या मजकूर-फाइली हा आपल्या कामाचा पाया मानला. टॅबचे थांबे दर आठ घरांवर, हा तिथला संकेत. याच परंपरेत दोन छोट्या आज्ञा रूढ झाल्या : ‘एक्स्पांड’ टॅबच्या स्पेस करते, ‘अनएक्स्पांड’ स्पेसचे टॅब करते. त्याच प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. तितक्याच स्पेस दिल्या, तर चालत नाही. नियम गैरसोयीचा आहे, हे लवकर लक्षात आले. पण तोवर साधन लोकांच्या वापरात गेले होते, म्हणून तो तसाच राहिला.

२०/ आता अनएक्स्पांड नेमके काय करते ते पाहा, कारण येथे अनेकांची फसगत होते. काहीही न सांगता चालवली, तर ती ओळीच्या आरंभीच्या स्पेसच तेवढ्या बदलते. सर्व ठिकाणी बदल हवा असेल, तर तिला ‘ए’ हा पर्याय द्यावा लागतो. तरीही ती अर्थ पाहत नाही, घर मोजते. दोन किंवा अधिक स्पेस एखाद्या थांब्यापाशी संपत असतील, तरच त्यांचा टॅब होतो. उरलेल्या स्पेस तशाच राहतात. म्हणून एका रकान्यानंतर दोन टॅब, दुसऱ्यानंतर एक टॅब आणि तीन स्पेस, असे मिश्रण तयार होऊ शकते.

२१/ मराठी मजकुरात आणखी एक पेच आहे. या आज्ञेच्या प्रचलित आवृत्त्या बहुतेक वेळा अक्षर न मोजता बाइट मोजतात. ‘वाशिम’ आपल्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये त्याची पाच चिन्हे होतात : व, काना, श, वेलांटी, म. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. यंत्र समजते, की आपण सोळाव्या घराशी आलो. डोळ्यांना मात्र तीनच घरे दिसतात. तेव्हा देवनागरी तक्त्यासाठी घरे मोजणारी पद्धत भरवशाची नाही. प्रोग्रामच्या ओळींचे आरंभीचे अंतर बदलायला अनएक्स्पांड उत्तम; आपल्या कामाला दुसरी वाट हवी.

२२/ ती वाट अशी. तक्ता उतरवतानाच एक नियम पाळा : नावाच्या आत फक्त एक स्पेस, दोन रकान्यांमध्ये किमान दोन. मग ‘सेड’ या आज्ञेला सांगा, की दोन किंवा अधिक सलग स्पेस जिथे दिसतील, तिथे एक टॅब ठेव. एकटी स्पेस असेल, तर हात लावू नकोस. ‘मंगरूळ पीर’ एकसंध राहते आणि ८२,६४३ आपल्या रकान्यात बसतो. घरांची किंवा बाइटांची मोजणी येथे लागतच नाही.

२३/ एक धोक्याची सूचना. या आज्ञांचे उत्तर बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये वळवताना मूळ फाइलचेच नाव कधीही देऊ नका. शेल आधी ती फाइल उत्तरासाठी उघडून रिकामी करते आणि मग आज्ञा तिला वाचायला जाते. वाचायला काही उरलेले नसते. जुने लेखन खरवडून त्याच चर्मपत्रावर नवे लिहिण्याची रीत युरोपात होती. तिथे निदान पुसट खुणा तरी राहत. येथे काहीच राहत नाही. उत्तर नेहमी नव्या नावाच्या फाइलमध्ये घ्या आणि मूळ प्रत न बदलता जपा.

२४/ बदल झाल्यावर दोन तपासण्या करा. पहिली डोळ्यांची : ‘कॅट’ या आज्ञेला मोठ्या लिपीतला ‘टी’ हा पर्याय दिला, की प्रत्येक टॅबच्या जागी टोपीसारखे चिन्ह आणि इंग्रजी ‘आय’ उमटते; कोरी जागा दिसू लागते. दुसरी मोजणीची : ‘ऑक’ या आज्ञेला टॅब हा विभाजक सांगून प्रत्येक ओळीतील रकाने मोजायला लावा. सर्व ओळींचे उत्तर सारखे आले पाहिजे. माझ्या फाइलमध्ये एका ओळीचे उत्तर तीन आले असते आणि घोटाळा तिथेच उघडा पडला असता.

२५/ तिसरी तपासणी सर्वांत जुनी आहे आणि तिला संगणक लागत नाही. जमाखर्च लिहिणारे आपले कारकून ताळा करीत. ताळमेळ, ताळेबंद हे शब्द आजही वापरात आहेत. १,५३,३२० अधिक ८२,६४३ अधिक १,१७,४४७ म्हणजे ३,५३,४१०. छापील तक्त्याच्या तळाशी ही एकूण दिलेली होती. मी ती उतरवलीही होती, पण ताळा केला नव्हता. तो पहिल्याच दिवशी केला असता, तर ३२ टक्क्यांचा ‘शोध’ जन्मालाच आला नसता.

२६/ या चुकीने मला एक गोष्ट शिकवली. स्पेसचा टॅब करणे म्हणजे एक बाब कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे ठरवणे. ताम्रपटाचा शब्द तोडणारा संपादक हेच ठरवतो, मोडी वाचणारा हेच ठरवतो. त्यांचे निर्णय टिपांमध्ये नोंदलेले असतात, म्हणून पुढचा अभ्यासक ते तपासू शकतो. आपण मात्र आज्ञा चालवतो, फाइल जपून ठेवतो आणि काय केले, ते विसरतो. आता मी प्रत्येक तक्त्याशेजारी एक छोटी नोंद ठेवतो : मूळ कोठले, कोणती आज्ञा चालवली, कोणत्या तारखेला, ताळा जुळला की नाही.

२७/ १८९९–१९००च्या दुष्काळात या भागाने जे सोसले, त्याची साक्ष देणारे फार थोडे आवाज आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. बहुतेकांच्या वाट्याला तक्त्यातील एका आकड्यातला एक अंश आला. तो आकडा वाढवून सांगण्याचा किंवा गाळून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. मंगरूळ तालुक्यातील ती ८२,६४३ माणसे दुष्काळातून वाचून १९०१च्या मोजणीपर्यंत पोहोचली होती. मी त्यांना एका निष्काळजी आज्ञेने पुसले होते. ताळ्याने ती परत आली.

२८/ तुमच्या गावाचा, तालुक्याचा एखादा जुना तक्ता तुम्ही उतरवत असाल, तर आज रात्री एवढेच करा : मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, प्रत्येक ओळीचे रकाने मोजा आणि तळाच्या एकुणाशी ताळा घ्या. जुळला नाही, तर दोन शब्दांची नावे आधी तपासा. धाग्यात काही चूक आढळल्यास अवश्य सांगा. दुरुस्ती येथेच खाली जोडेन. पुढचा धागा वाशिम जिल्हा १९०५मध्ये का मोडला गेला, यावर.